खड्यातलं पाणी

"म्याडम, डोळं मिटा. मी सांगीन तवाच उघडा."

दसऱ्याची सकाळ होती. कारखान्याला सुट्टी होती, पण मी सवयीनं टाकीकडे चक्कर मारायला आले होते आणि हसुराम घरत मला दारातच अडवून उभा. टाकी सांभाळणारा चाळिशीतला गडी, खाडीकाठच्या उन्हात रापलेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की लेकीचं लग्न जमलंय जणू. मी डोळे मिटले. तसेच मिटून ठेवले असते तर फार बरं झालं असतं.

"उघडा!"

टाकीला झेंडूचं तोरण होतं. कठड्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. हवेच्या पंपाला हार, शेजारच्या निळ्या पिंपाला हार, फळीवरच्या माझ्या काचेच्या बरण्यांच्या गळ्यातसुद्धा एकेक फूल. आणि टाकीतलं पाणी परवापर्यंत बिटाच्या रसासारखं लालभडक होतं, ते आता तांदूळ धुतल्यावर राहतं तसं झालं होतं.

"हसुराम, हे पाणी असं का दिसतंय?"

"गोडं हाय ना! काल खंडेनवमी. समद्या हत्यारांना आंघोल घातली, मंग मनात आलं, ही बारकी आपली वरीसभर खारंच पितात. सणाच्या दिवशी तरी त्यांनी खारंच प्यायचं? अर्धी टाकी खाली केली आनि गोडं पानी सोडलं. टँकरवाल्याच्या पाया पडून आनलं, म्याडम. वर गूल बी घातला."

"आणि पिंपात?"

"पिंपात बी."

"बरण्यांत?"

"बरण्यांत बी. कुनाला उपाशी ठेवायचं?" तो हसला. "एकाला घास नि एकाला उपास, असं आमच्यात नसतं."

मी तिथं कठड्यावर बसले, हळदीकुंकवावरच.

आता हे सगळं काय होतं, ते नीट सांगते. आमचा कारखाना कापडाच्या रंगांचा. कोकणातल्या एका खाडीच्या काठावर. रंग पाण्यातून वेगळा काढायचा तर त्यात पोत्यांनी मीठ ओतावं लागतं. रंग खाली बसतो, तो विकायला जातो, आणि मागे उरतं ते तपकिरी, नाकाला झोंबणारं, समुद्राच्या कितीतरी पट खारट पाणी. आमच्याआधीच्या लोकांनी ते खुशाल खाडीत सोडलं. मासे उलटे होऊन तरंगायला लागले, कोळी आणि आगरी बाया टोपल्या घेऊन कारखान्याच्या दारात बसल्या, आणि सरकारी हुकूम आला. पाणी स्वच्छ करा, नाहीतर कुलूप लावा. ते पाणी आटवायचं म्हटलं तर भट्टीला इतकं तेल लागायचं, की त्यापेक्षा कुलूप परवडलं असतं.

घाण पाण्यातली घाण खाऊन टाकणारे सूक्ष्मजीव असतात. एरवी टाकीत शेण कालवलं, गूळ घातला की ते आपसूक वाढतात. पण आमच्या खारात शेणातलं काही टिकायचं नाही. लोणच्यात काही सडत नाही, त्याच कारणानं. म्हणून मला नोकरीवर घेतलं होतं. मी कराडची, घाटावरची, समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच मुळी मुलाखतीला आले तेव्हा. पण मला एवढं ठाऊक होतं, की उन्हाळ्यात मीठ धरायच्या आधी मिठागराचं पाणी लाल होतं, आणि तो लाल रंग जिवंत असतो. त्या जिवांना मीठ बाधत नाही. उलट मिठावाचून ते जगत नाहीत. गोडं पाणी लागलं की फुगतात आणि फुटतात. झालं, संपलं.

हे मी हसुरामला सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. "मिठात राहतात ही" असं म्हटलं होतं. पण मिठात राहणाऱ्याला गोड्या पाण्याची ओढ असते, हे त्याचं जन्माचं गणित. त्याच्या गावात विहिरीला खारट पाणी, गोड्या पाण्याचा हंडा म्हणजे पाहुण्याचा मान. त्यानं आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं होतं ते त्यांना दिलं. त्याला बोलायला माझी जीभच उचलेना.

मी एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एरवी तिथं बारीक काड्यांची लगबग असायची. आता नुसत्या चिंध्या. बोट बुडवलं तर पाण्याला लाळेसारखी तार सुटत होती. बरण्या पाहिल्या, पिंप पाहिलं. सगळीकडे तेच.

"काय झालं, म्याडम?"

"गेली, हसुराम. सगळी गेली."

"कुठं गेली?"

तो टाकीत वाकून बघत राहिला. मग त्याला कळलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तोरण एका हिसक्यात तोडलं, आणि फाटकातून निघून गेला.

*

आमचे व्यवस्थापक फणसळकर साहेब. माणूस वाईट नव्हता, पण रागावला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

"आंघोळ घातली? जंतूंना आंघोळ घातली?" ते टेबलावर हात आपटत म्हणाले. "तगारे, मी मालकांना काय सांगू? दत्तजयंती झाली की ते अधिकारी पाहणीला येणार. तेव्हा टाकी चालू दिसली नाही तर कारखाना बंद. बंद म्हणजे बंद! गावातली निम्मी घरं याच्यावर जेवतात. आणि त्या घरतला मी आजच घरी बसवतो."

"तो आपणहून घरी बसलाय, साहेब."

"मग तिथंच राहू दे! पुन्हा आण ना जंतू. पहिल्यांदा कुठून आणलेस?"

"बाळाराम घरतांच्या मिठागरातून. हसुरामच्या वडलांच्या."

"मग जा की तिथं!"

"ते मिठागर राहिलं नाही, साहेब. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बांधाला खांड पडली. उधाणाचं पाणी आत शिरलं. बाळाराम खांड बुजवायला धावले ते भरतीतच गेले."

फणसळकर साहेबांच्या पाळ्यांचा रंग उतरला.

"दुसरी मिठागरं असतील."

"आहेत. पण आत्ता त्यांत पावसाचं पाणी आहे, गोडं. लाल पाणी फाल्गुनाच्या आधी दिसायचं नाही."

"म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी," ते म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. "बघ काय करता येतं ते. मी घरतला काढायचा कागद दत्तजयंतीपर्यंत लिहीत नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

मी बाजारातून मिठाची पोती आणली, त्याचं पाणी करून बरण्या लावल्या. धुतलेलं, दळलेलं मीठ ते. त्यात कसला जीव राहणार! बरण्या जशाच्या तशा पांढऱ्या. आठ दिवस गेले तरी हसुराम कामावर आला नाही, तेव्हा मी त्याच्या घरी गेले. त्याला परत आणायचं, एवढंच मनात होतं. बाकी काही नाही, खरंच सांगते.

*

घर गावाच्या टोकाला, भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणाकडे तोंड करून. ओटीवर हसुरामची आई वाल निवडत बसली होती. चांगुणाबाई. बारीक, ताठ, कपाळावर कुंकू नाही, पण नाकात चमकी तशीच. तिची बोली मला हुबेहूब सांगता यायची नाही. माझ्या घाटी कानांत जशी राहिली तशी सांगते.

"ये बाय. तूच काय ती जंतूवाली?"

"मीच."

"माझ्या पोरानं तुझी बारकी मारली म्हनं. आठ दिस झाले, धड जेवत नाय."

हसुराम आतल्या भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "चल रे कामावर." तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं येऊ?" मी म्हटलं, "आहे त्याच तोंडानं ये, मला ओळखीचं आहे." चांगुणाबाई फसकन हसली. तो मात्र हसला नाही.

मग ती चहा टाकायला आत गेली आणि माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली. खंडोबाचा टाक, एकवीरेची तसबीर, आणि मध्ये पितळेच्या वाटीत लिंबाएवढा मिठाचा खडा. पांढरा नव्हता तो. फिकट गुलाबी, तळाशी जरा जास्तच.

मी पुढे सरकून बघायला लागले. कारण मी कुठंतरी वाचलं होतं, शिकत असताना, एका परदेशी मासिकात. मिठाचा खडा धरतो ना, तेव्हा त्याच्या पोटात पाण्याचे बारीक थेंब अडकतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. त्या थेंबात कुणी असलंच, तर ते तसंच राहतं. मरत नाही, वाढत नाही, नुसतं थांबतं. महिने, वर्षं. तेव्हा मी ते वाचून पुढचं पान उलटलं होतं.

"हसुराम, तो खडा कुठला?"

त्यानं मान वर केली, मी कुठं बघतेय ते पाहिलं आणि उठून देव्हाऱ्यापुढे उभाच राहिला. "त्याचा नाद सोडा, म्याडम."

"तुमच्या मिठाच्या आगरातला आहे का?"

"सोडा बोललो ना!"

"काय झालं रं?" चांगुणाबाई कपबश्या घेऊन आली. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "खड्याचं इचारते व्हय? बस, सांगते."

तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या घरी हंगाम संपला की आगरातला शेवटचा खडा घरधन्यानं स्वतः वेचायचा आणि देव्हाऱ्यात आणून ठेवायचा. पावसाळाभर तो देवाजवळ. पावसाळा सरला, बांधबंदिस्ती झाली, भरतीचं पहिलं पाणी वाफ्यात घेतलं, की तो खडा नेऊन त्या पाण्यात सोडायचा. मगच आगराचं काम सुरू. सासऱ्याच्या आज्यापासून असंच.

"का सोडायचा?" मी विचारलं.

"का म्हंजे? आगराचा हाय, आगरात जाऊ दे. पाव्हना किती दिस ठेवून घ्यायचा?" तिनं वाटीकडे बघितलं. "ह्यो त्यांनी वेचलेला. मना बोलले, ठेव, पावसाल्या उपरान्त सोडू. पावसाल्यात ते गेले नि आगर बी गेलं. आता ह्याला सोडू कुठं? म्हनून बसलाय आपला."

मी कप खाली ठेवला. पिढ्यान् पिढ्या हे लोक दरवर्षी नव्या पाण्याला जुन्या पाण्याचं विरजण लावत होते, आणि त्यांना ते विरजण वाटत नव्हतं. कुणालाच वाटलं नव्हतं. एखाद्या वर्षी खडा सोडला नाही तर आगर लाल झालं नसतं असं मी म्हणत नाही. खाडीतून, वाऱ्यातून ते येतातच. पण मी शिकून-सवरून जे करायला बघत होते, ते त्या वाटीत बसलेलं होतं.

आता मागायचं कसं? मी हसुरामकडे बघितलं. त्यानं डोळ्यांनीच बजावलं, आईला माझ्या नोकरीचं बोलायचं नाही. ते मलाही पटलं. मुलाच्या पोटावर बोट ठेवून आईकडून काही काढून घ्यायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. म्हणून मी सरळ बोलले.

"मावशी, ह्या खड्यात ती बारकी असतील. जिवंत. मला तो खडा हवाय."

"घेऊन काय करशील?"

"मिठाच्या पाण्यात विरघळवीन."

"आक्खा?"

"एक तुकडा दिलात तरी चालेल."

"देवाजवलचा खडा फोडत नसतात, बाय. द्यायचा तं आक्खा, नायतर नाय." तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. "मंग परत भेटनार नाय?"

"नाही."

"आनि ती जित्ती निघतील?"

खोटं बोलायचा मोह झाला, पण तिच्या डोळ्यांसमोर ते जमेना. "ठाऊक नाही, मावशी. कदाचित काहीच निघणार नाही. नुसतं खारट पाणी होईल."

ती वाटीकडे वळली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांचा फोटू नाय आमच्याकडं. काढू काढू बोलता ऱ्हायला. ह्यो एक हाय. ह्यो बी विरघलल्यावर मी बघू कुनाकडं?"

मी उठले. चहा तसाच राहिला. म्हटलं, "मावशी, मी मागितलंच नाही असं समजा," आणि निघाले. हसुराम फाटकापर्यंत आला. "राग मानू नका," एवढंच म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत डोकं धरून बसले होते, तर पहारेकऱ्यानं हाक मारली. दारात चांगुणाबाई. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात ताट, ताटावर खणाचं कापड झाकलेलं, आणि मागे हसुराम नारळ घेऊन.

"कनच्या पान्यात सोडायचा ते दाखव."

"मावशी, नक्की का?"

"रातभर त्याच्याशी बोलले. बोलले, तुझ्या धन्यानं सांगितलं व्हतं सोडू. आगराचं तर आता खाजन झालंय, चिंबोऱ्या फिरतात. दुसरं खारं पानी कोन देतंय तुला? ह्या पोरीकडं तरी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्याजवल ठेवला तं तो नुसता बसून ऱ्हानार. मी गेल्यावर सुना वाटी घासून ठेवतील. दाखव पानी."

मी भरतीचं पाणी आणून, मीठ घालून, तयार ठेवलेली मोठी बरणी पुढे केली. हसुरामनं नारळ फोडला, पण त्याचं पाणी बरणीपासून चार हात लांब सांडलं. बिचारा आता नारळाच्या पाण्यालाही भ्यायला लागला होता.

चांगुणाबाईनं खडा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि बरणीत सोडला. तो संथपणे तळाशी गेला.

"जा," ती म्हणाली. "घरी जा."

दाट पाण्यात मीठ विरघळायला वेळ लागतो. ती तिथंच स्टुलावर बसून राहिली. आम्ही दोघं बाजूला उभे. खडा बारीक होत गेला, सुपारीएवढा झाला, वाटाण्याएवढा झाला आणि मग दिसेना. ती रडली नाही. उठताना मात्र तिनं हसुरामचा हात धरला.

*

मग वाट बघणं सुरू झालं, आणि वाट बघण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

हसुराम कामावर परत आला. बरणीला ऊब मिळावी म्हणून तो ती सकाळी उन्हात ठेवायचा, दुपारी फिरवायचा, संध्याकाळी आत आणायचा. बरणीजवळ कुणी पाण्याची बाटली आणली तर अंगावर धावून जायचा. चांगुणाबाई दर बाजाराच्या दिवशी, मासळी विकून झाली की टोपली बाहेर ठेवून यायची, बरणीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "पांढरंच."

दिवाळी गेली. पांढरंच. तुळशीची लग्नं लागली. पांढरंच. फणसळकर साहेब येता-जाता डोकावायचे आणि न विचारता निघून जायचे, ते विचारण्यापेक्षा वाईट. मला रात्री झोप लागेना. मी एका बाईचा नवरा दुसऱ्यांदा पाण्यात घालवला, असंच सारखं वाटायचं.

एका सकाळी हसुरामनं हाक मारली. ओरडला नाही, अगदी हळू हाक मारली, जसं झोपलेलं मूल उठेल. "म्याडम. जरा हिकडं या. माझं डोळं बिघडलं का बघा."

त्यानं बरणी उन्हात धरली होती. पाणी पांढरं नव्हतं. गुलाबीही नव्हतं खरं तर. पांढऱ्या कापडाला चुकून लाल कापडाचा रंग लागावा, तितकंच. मी थेंब घेतला. काच दोनदा निसटली. डोळा लावला.

एक काडी होती. बारीक. ती हलली. मग वळली, आणि स्वतःच्या वाटेनं पोहत निघून गेली. तिच्यामागून दुसरी.

मी शास्त्र शिकले, पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या. पण माझ्या उभ्या आयुष्यात मी त्या क्षणाइतकी थक्क कधी झाले नाही. दोन वर्षं देव्हाऱ्यातल्या वाटीत, उदबत्तीच्या धुरात, कोरड्या ठणठणीत खड्याच्या पोटात ही बसून होती. बाहेर माणूस मेला, बांध फुटला, आगर बुडालं. ही थांबली होती, आणि पाणी मिळाल्याबरोबर जणू काही झालंच नाही अशी उठून चालायला लागली. मी हात जोडले. कुणाला जोडले, ते अजून सांगता येत नाही.

"हायत का?" हसुरामनं विचारलं.

"आहेत रे. आहेत!"

तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. मीही रडले. दोघांपैकी कुणालाच लाज वाटली नाही.

बरणीतून कॅनमध्ये, कॅनमधून पिंपात, पिंपातून दोन पिंपांत. थोडं थोडं कारखान्याचं घाण पाणी चाखवत गेलो, सहन झालं की आणखी थोडं. ही आधीच्यांच्याच गोतातली, बाळारामांच्याच आगराची. पहिल्या वेळी शिकवायला वर्ष गेलं होतं, या वेळी मला वाट माहीत होती. दत्तजयंतीपर्यंत टाकी काही भरली नाही. पण सहा पिंपं लालभडक उभी होती, आणि त्यांतून निवळून निघालेलं खारं पाणी इतकं स्वच्छ होतं, की फणसळकर साहेबांनी ते परत रंगाच्या खात्यात वापरायला घेतलं. तेच मीठ पुन्हा कामाला. खाडीत एक थेंब जायची गरज उरली नाही.

*

पाहणीच्या दिवशी मी चांगुणाबाईला मुद्दाम बोलावलं होतं. अधिकारी दहाला येणार होते. मी तिला नऊलाच सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. एक डोळा कसा मिटायचा ते तिला जमेना, शेवटी हसुरामनं तिच्या डोळ्यावर आपला तळहात धरला.

"दिसतंय काही?"

"अंधार हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अगो बाय! हलतात!"

"तीच ती. तुमच्या खड्यातली."

"इतका बारीक जीव नि ह्या कोरड्या खड्यात ऱ्हायला कसा?"

"खडा कोरडा नव्हता, मावशी. मीठ धरतं तेव्हा त्याच्या पोटात त्या दिवसाचं पाणी अडकतं. एकेक थेंब. तुमच्या खड्यात त्याच दिवसाचं पाणी होतं. काकांनी तो वेचला, त्या हंगामाचं."

ती डोळा न काढता म्हणाली, "वैशाखाचं ऊन व्हतं. मी भाकर घेऊन गेले व्हते. ते कमरेत वाकून मीठ ओढत व्हते. घाम असा नाकावरनं ठिबकत व्हता वाफ्यात. मी बोलले, जरा सावलीला या की. तं बोलले, एवढा वाफा ओढतो नि येतो." ती थांबली. "तो बी घाम असंल काय गो त्या पान्यात?"

मी शास्त्र शिकलेली बाई.

"असेल," मी म्हटलं. "असणारच, मावशी."

पायऱ्यांवर बूट वाजले. फणसळकर साहेब अधिकाऱ्यांना घेऊन आत आले. सूक्ष्मदर्शकापुढे लुगड्यातली बाई बघून साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. त्यांनी मला खूण केली, उठवा त्यांना. हसुराम हलला नाही. आईच्या डोळ्यावरचा हातही त्यानं काढला नाही. मीही हलले नाही.

अधिकारी भला माणूस होता. हातातली फाइल त्यानं बगलेत धरली आणि वाकून विचारलं, "काय दिसतंय, आजी?"

चांगुणाबाईनं मान वर केली नाही.

"वाफा ओढतायत," ती म्हणाली. "थांबा जरा, येतील."